क्रेडिट कार्डाने पैसे वाचतात कुठे आणि जातात कुठे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन क्रेडिट कार्डं आहेत. एकाला वार्षिक फी आहे, पण त्यावर पॉइंट चांगले मिळतात. दुसऱ्यावर थोडी बाकी दर महिन्याला पुढे जाते, मात्र मिनिमम ड्यू (बिलावर छापलेली, निदान भरावीच लागणारी रक्कम) तुम्ही कधी चुकवलेला नाही. कार्ड नीट वापरलं तर पैसे वाचतात असं सगळे सांगतात, तुमचे मात्र वाचत नाहीत. मग चुकतंय कुठे, आणि यातलं एक कार्ड बंद करावं का?

उत्तर आधी सांगतो. दुसऱ्या कार्डावरची ती ‘थोडी बाकी’ शून्य होईपर्यंत पॉइंट, कॅशबॅक आणि ऑफर यांच्याकडे बघूच नका. कार्डाने होणारी बहुतेक बचत एकाच गोष्टीवर उभी असते: दर महिन्याचं बिल पूर्ण भरणं. ती गोष्ट जमत असेल तर बाकीच्या युक्त्यांचा थोडाफार फायदा होतो. जमत नसेल तर त्यांच्यामुळे नुकसान वाढतं. मी बरीच वर्षं बँकेत कार्डांचं काम पाहिलं आणि आता कार्डाच्या कर्जात अडकलेल्या लोकांना हिशोब मांडून देतो. दोन्ही बाजूंनी मला हेच दिसलं आहे.

खालचे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. चलन कुठलंही धरा, गणित तेच राहतं.

कार्डाचा खरा फायदा म्हणजे बिनव्याजी मुदत. समजा तुमचं बिलिंग सायकल, म्हणजे एका बिलात मोजला जाणारा काळ, १ तारखेपासून ३० तारखेपर्यंत आहे आणि पैसे भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची २० आहे. १ तारखेला केलेल्या खरेदीला जवळजवळ ५० दिवस मिळतात, ३० तारखेच्या खरेदीला फक्त २०. म्हणजे मोठी खरेदी पुढे ढकलता येत असेल तर स्टेटमेंट निघून गेल्यावर एक-दोन दिवसांनी करावी. तेवढ्यानेच महिनाभर जास्त मिळतो. पण ही मुदत बँक एका अटीवर देते. आधीच्या स्टेटमेंटवरची एकूण देय रक्कम तारखेच्या आत पूर्ण भरलेली असली पाहिजे. ती अट मोडली की बऱ्याच कार्डांवर नव्या खरेदीचीही मुदत संपते. मग आज केलेल्या किराणा खरेदीवरही आजपासूनच व्याज चालू होतं. तुमच्या दुसऱ्या कार्डावर नेमकं हेच चाललं असण्याची शक्यता मोठी आहे. बाकी थोडी असेल, पण त्या बाकीमुळे त्या कार्डावरचा एकूण एक खर्च व्याजी झालेला असतो.

हे सुरुवातीपासून असं नव्हतं. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबचं कार्ड आलं तेव्हा महिनाअखेरीस सगळं बिल चुकतं करावंच लागायचं. बाकी पुढे न्यायची सोयच नव्हती. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे ६०,००० लोकांना न मागता कार्डं टपालाने पाठवली. या कार्डावर थोडे पैसे भरून उरलेले व्याजाने पुढे नेता येत होते. आज आपल्या खिशात असतं ते या दुसऱ्या जातीचं कार्ड. माझा सल्ला एवढाच की ते पहिल्या जातीचं असल्यासारखं वापरा, म्हणजे बाकी पुढे न्यायची सोय त्यात नाहीच असं धरून चाला.

आता व्याजाचा हिशोब पाहू, कारण बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. समजा व्याज महिन्याला ३ टक्के आहे, म्हणजे वर्षाला ३६. तुम्ही २ तारखेला २०,००० ची खरेदी केली. ३० तारखेला बिल आलं. पुढच्या महिन्याच्या २० तारखेला तुम्ही १९,००० भरले, १,००० राहिले. लोकांना वाटतं की व्याज १,००० वर लागेल. पण सरासरी दैनंदिन बाकीची जुनी पद्धत जिथे चालते तिथे पूर्ण २०,००० वर, खरेदीच्या दिवसापासून पैसे भरल्याच्या दिवसापर्यंत, ४८ दिवसांचं व्याज लागतं. ते होतं सुमारे ९४७. त्यानंतर राहिलेल्या १,००० वर पुढच्या स्टेटमेंटपर्यंतच्या दहा दिवसांचे आणखी दहा. एक हजार कमी भरले म्हणून ९५७ चा भुर्दंड. त्याच खरेदीवर एक टक्का कॅशबॅक मिळाला असेल तर तो २०० होतो.

सगळीकडे अगदी असंच होतं असं नाही. अमेरिकेत २००९ च्या कार्ड कायद्याने मुदतीत भरलेल्या भागावर व्याज लावायला मनाई केली. तशा पद्धतीत वरच्या उदाहरणात फक्त १,००० वर ५८ दिवसांचं व्याज बसेल, म्हणजे सुमारे ५७. फरक प्रचंड आहे. तुमच्या कार्डाला कुठली पद्धत लागू आहे ते अटींच्या कागदात ‘व्याज आकारणी’ या भागात उदाहरणासह दिलेलं असतं. तो भाग एकदा स्वतः वाचा. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक तो पहिल्यांदा माझ्यासमोर बसून वाचतात. आणि पद्धत कुठलीही असो, बाकी पुढे गेली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदत जाण्याचा धोका राहतोच.

मिनिमम ड्यू वेळेवर भरता, याचा फायदा इतकाच की लेट फी लागत नाही आणि परतफेडीच्या नोंदीत ‘चुकवलं’ असा शेरा येत नाही. कर्ज मात्र त्याने जवळपास हलत नाही. ५०,००० ची बाकी धरा, महिन्याला ३ टक्के व्याज आणि व्याजासह बाकीच्या ५ टक्के मिनिमम. नवी खरेदी बंद. पहिल्या महिन्यात तुम्ही २,५७५ भरता. पुढे बाकी उतरते तशी मिनिमम रक्कमही उतरते. वर्षभरात तुम्ही सुमारे २७,५०० भरलेले असतात आणि बाकी असते सुमारे ३८,५००. म्हणजे भरलेल्यातले १६,००० व्याजात गेले, कर्ज फक्त साडेअकरा हजारांनी कमी झालं. कर्ज निम्म्यावर यायला ३२ महिने लागतात.

आता याच हिशोबात एकच बदल करा. पहिल्या महिन्यात भरलेले २,५७५ दर महिन्याला तेवढेच भरत राहा, बँकेने मिनिमम कमी करून दाखवली तरी. सगळं कर्ज ३० महिन्यांत संपतं. आज खिशातून जाणारी रक्कम तीच आहे. ज्या काळात मिनिमम भरणारा निम्म्यावरही पोचत नाही, त्याच्या आत ठरावीक रक्कम भरणारा मोकळा होतो. तुमची बाकी तुम्ही एकाच दिवसात फेडू शकत नसाल तर निदान हे आजच सुरू करा. ज्या लोकांना मी हे गणित कागदावर मांडून दाखवतो, त्यांच्यातले बरेच जण रक्कम थोडी वाढवूनही भरू लागतात.

मिनिमम रक्कम नुसती छापलेली असली तरी मनावर परिणाम करते. मानसशास्त्रज्ञ नील स्ट्युअर्ट यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना नमुन्याची बिलं दिली होती, काहींवर मिनिमम रक्कम होती, काहींवर नव्हती. बिलाचा फक्त काही भाग भरणाऱ्यांमध्ये, ज्यांना तो आकडा दिसत नव्हता त्यांनी जास्त रक्कम भरायची ठरवली. तो लहान आकडा डोळ्यासमोर आला की मन त्याच्याभोवती घुटमळतं. म्हणून बिल उघडल्यावर आधी ‘एकूण देय रक्कम’ शोधायची सवय लावा.

याहून चांगला उपाय म्हणजे ऑटो-डेबिट, म्हणजे खात्यातून बिल आपोआप भरलं जाण्याची सोय. पण ते लावताना दोन पर्याय येतात, एकूण रक्कम आणि मिनिमम रक्कम. कितीतरी लोकांनी वर्षानुवर्षं मिनिमम लावून ठेवलेलं असतं आणि त्यांना खात्री असते की ‘बिल आपोआप भरलं जातं’. आज बँकेच्या ॲपमध्ये जाऊन दोन्ही कार्डांचं हे सेटिंग तपासा. खात्यात त्या दिवशी पुरेसे पैसे नसतील तर ऑटो-डेबिट परत जातं आणि दोन्हीकडून दंड बसतो. म्हणून बँकेला सांगून बिलाची तारीख बदलून घ्या. बऱ्याच बँका बिलिंग सायकल बदलून देतात. पगार जमा झाल्यावर चार-पाच दिवसांनी ड्यू डेट आली तर महिन्याचा पहिला मोठा खर्च कार्डाचं बिल हाच राहतो आणि उरलेल्या पैशांतून महिना काढायचा आहे हे स्पष्ट दिसतं. फोनवरून किंवा ॲपवरून हाताने भरत असाल तर शेवटच्या दिवशी भरू नका. पैसे कार्ड खात्यात जमा व्हायला सुट्टीच्या दिवसांत वेळ लागतो आणि बँक जमा झाल्याची तारीख धरते.

एक बारीक गोष्ट इथे सांगायला हवी. एखादी वस्तू परत केली आणि तिचे पैसे कार्डावर परत आले, तर अनेक बँका त्याला ‘बिलाचा भरणा’ मानत नाहीत. ५,००० चं बिल आलं, नंतर ५,००० परत आले, म्हणून तुम्ही काहीच भरलं नाही, आणि पुढच्या महिन्यात लेट फी आली, अशा तक्रारी मी पुष्कळ ऐकल्या आहेत. परतावा कधी आला आणि बँक तो कसा धरते हे विचारल्याशिवाय बिल सोडू नका.

आता बक्षिसांकडे येऊ. कॅशबॅकचे पैसे येतात कुठून? तुम्ही कार्ड वापरता तेव्हा दुकानदार प्रत्येक व्यवहारावर काही शुल्क देतो. त्यातला मोठा भाग कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो, त्याला इंटरचेंज म्हणतात. बँक त्यातला थोडा तुम्हाला परत देते. बक्षिसांचा उरलेला खर्च निघतो व्याज भरणाऱ्यांकडून, वार्षिक फीमधून आणि दंडातून. युरोपीय संघाने २०१५ च्या नियमाने वैयक्तिक क्रेडिट कार्डांवरचं इंटरचेंज ०.३ टक्क्यांवर बांधून टाकलं. जिथे हा झराच आटलेला आहे तिथे बँकेला मोठा कॅशबॅक देणं परवडत नाही. हे कळलं की जाहिराती नीट वाचता येतात. एखादं कार्ड ‘५ टक्के परत’ म्हणत असेल तर कुठेतरी मर्यादा असणारच: महिन्याला ठरावीक रकमेपर्यंतच, ठरावीक प्रकारच्या खर्चावरच, किंवा पॉइंटच्या रूपात, ज्यांची किंमत बँक नंतर कमी करू शकते.

पॉइंटच्या बाबतीत मी एकच नियम पाळायला सांगतो. एका पॉइंटची किंमत तुम्ही ज्या मार्गाने खरंच वापरणार त्या मार्गानेच मोजा. बँकेच्या कॅटलॉगमध्ये एक वस्तू ४,००० पॉइंटला दिसते. तीच वस्तू बाजारात ८०० ला मिळत असेल तर पॉइंटची किंमत ०.२० झाली. तेच पॉइंट बिलात वळते करून ०.२५ मिळत असतील तर कॅटलॉग बंद करून बिलात वळवा. आणि पॉइंट साठवून ठेवू नका. त्यांना व्याज मिळत नाही, मुदत संपते, आणि नियम बदलले तर दर घसरतो. रोख कॅशबॅक देणारं साधं कार्ड बहुतेक घरांसाठी पुरेसं असतं.

वार्षिक फीचा हिशोब कागदावर दोन ओळींत होतो. समजा फी ३,००० आहे आणि कार्ड १.५ टक्के देतं. बिनफीचं कार्ड १ टक्का देतं. तुम्हाला फीच्या बदल्यात मिळतो तो फक्त अर्धा टक्का. फी वसूल व्हायला वर्षाला ६,००,००० चा खर्च कार्डावर व्हायला हवा, आणि तोही जो तुम्ही एरवीही केला असता असाच. लोक इथे पूर्ण दीड टक्का धरतात आणि २,००,००० वर फी वसूल झाली असं मानतात. विमानतळावरचं लाउंज, विमा, कुपनं यांची किंमत धरायची असेल तर स्वतःला विचारा: हे फुकट नसतं तर मी पैसे देऊन घेतलं असतं का? उत्तर नाही असेल तर त्याची किंमत शून्य धरा. फी नूतनीकरणाच्या आधी बँकेला फोन करून माफ करता येईल का हे विचारायला संकोच करू नका. नियमित वापर असेल तर पुष्कळदा होते, निदान काही भाग.

‘एरवीही केला असता असाच खर्च’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. २००१ मध्ये एमआयटीतल्या ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी लोकांना खऱ्या सामन्यांच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितलं. काहींना रोख द्यायचे होते, काहींना कार्डाने. कार्डवाल्यांनी कितीतरी जास्त बोली लावली, एका तिकिटासाठी तर दुपटीच्या आसपास. पैसे हातातून जात नाहीत तेव्हा त्यांचं जाणं जाणवत नाही. कार्डामुळे तुमचा खर्च पाच टक्क्यांनी जरी वाढत असेल तर एक-दोन टक्क्यांचा कॅशबॅक त्याची भरपाई करू शकत नाही. माझ्या मते कार्डाचा हा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी दिसणारा खर्च आहे. तो कुठल्याच स्टेटमेंटवर छापलेला नसतो.

यावर मला सर्वांत उपयोगी वाटलेली सवय साधी आहे. कार्डाने खर्च केला की त्याच दिवशी तेवढीच रक्कम नेहमीच्या बचत खात्यातून बिलासाठी ठेवलेल्या वेगळ्या खात्यात टाका. दर आठवड्याला एकदा केलं तरी चालेल. मग महिनाअखेरीला बिलाचे पैसे आधीच बाजूला असतात, आणि खात्यात दिसणारी शिल्लक खरीखुरी शिल्लक असते. क्रेडिट लिमिट म्हणजे तुमचा पैसा नाही, तो बँकेचा अंदाज आहे की तुम्ही किती कर्ज पेलाल. न मागता वाढवून मिळालेली लिमिट स्वीकारायलाच हवी असंही नाही. हात सैल सुटतो असं वाटत असेल तर बँकेला लिमिट कमी करायला सांगा.

काही लोक विचारतात की बिनव्याजी मुदतीत पैसे बचत खात्यात राहतात, त्यावर किती मिळतं? महिन्याला ३०,००० खर्च, सरासरी ३५ दिवसांची मुदत, खात्यावर ४ टक्के व्याज धरलं तर वर्षाला सुमारे १,३८० मिळतात. चांगले आहेत, पण एका चुकलेल्या बिलाचं व्याज आणि लेट फी मिळून ते पुसून टाकू शकतात. म्हणून मी या फायद्याला फार महत्त्व देत नाही.

हप्त्यांबद्दल जरा काळजीने बोलायला हवं. ‘बिनव्याजी हप्ते’ या योजनेत व्याज कोणीतरी भरतच असतं. कधी उत्पादक किंवा विक्रेता, आणि पुष्कळदा तुम्हीच, कारण एकरकमी घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही. म्हणून विक्रेत्याला आधी एकरकमी किंमत विचारा, मग हप्त्यांची बेरीज, प्रोसेसिंग फी आणि त्यावरचा कर. दोन्हीतला फरक हेच तुमचं व्याज. दुसरा सापळा ‘फ्लॅट’ दराचा. १२,००० वर बारा महिने १२ टक्के फ्लॅट म्हणजे १,४४० व्याज आणि १,१२० चा हप्ता. ऐकायला १२ टक्के वाटतं. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल परत करत असता आणि व्याज मात्र पूर्ण १२,००० वर वर्षभर मोजलेलं असतं. खरा वार्षिक दर येतो सुमारे २१.५ टक्के. तरीही, कार्डाच्या ३६ टक्क्यांच्या बाकीपेक्षा हे स्वस्तच. ज्याची बाकी फिटत नाही त्याने ती हप्त्यांत रूपांतरित करून घेणं शहाणपणाचं ठरू शकतं, फक्त त्यानंतर त्या कार्डावर नवी खरेदी करायची नाही.

एटीएममधून क्रेडिट कार्डाने रोख काढू नका. तिथे बिनव्याजी मुदत नसतेच. काढल्याच्या दिवसापासून व्याज आणि वर शुल्क. परदेशात किंवा परदेशी संकेतस्थळावर पैसे देताना मशीन विचारतं: तुमच्या चलनात आकारू की इथल्या? नेहमी तिथल्या स्थानिक चलनाचा पर्याय निवडा. आपल्या चलनातला आकडा ओळखीचा असतो म्हणून लोक तो दाबतात, पण तो दर दुकानदाराच्या बाजूने ठरतो आणि सहसा महाग पडतो. शिवाय तुमच्या बँकेचा परकीय चलन मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या व्यवहारावर ती लावते ते जादा शुल्क, किती आहे हे प्रवासाआधी पाहून ठेवा.

कार्डाचा एक फायदा लोक मोजतच नाहीत, आणि माझ्या मते तो कॅशबॅकपेक्षा मोठा आहे. डेबिट कार्डाने फसवणूक झाली तर जातो तो तुमचा पैसा, आणि तो परत मिळवायला तुम्ही झगडता. क्रेडिट कार्डावर आधी अडकतो बँकेचा पैसा. वस्तू आली नाही, सेवा मिळाली नाही, एकाच व्यवहाराचे दोनदा पैसे घेतले, तर तुम्ही व्यवहारावर आक्षेप घेऊ शकता आणि बँक विक्रेत्याच्या बँकेकडून पैसे मागे खेचते. याला चार्जबॅक म्हणतात. काही देशांत याला कायद्याचा मजबूत आधार आहे. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ नुसार १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीसाठी कार्ड कंपनी विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. अमेरिकेत त्याच वर्षीच्या एका वेगळ्या कायद्याने बिलातल्या चुकीबद्दल लेखी तक्रार करायला स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवस मिळतात. म्हणून आगाऊ पैसे देऊन नंतर सेवा मिळणार अशा व्यवहारांत, जसं विमानाची तिकिटं, मोठी ऑनलाइन ऑर्डर, महिन्यांनंतर मिळणारी वस्तू, मी क्रेडिट कार्डच वापरायला सांगतो. पण आक्षेप घ्यायला मुदत असते. ती पाळायची असेल तर दर महिन्याचं स्टेटमेंट एकेक ओळ वाचावं लागतं. वाचताना विसरलेल्या सदस्यताही सापडतात, ज्या महिन्यामागून महिने थोडे थोडे पैसे नेत राहतात. त्या बंद केल्याने होणारी बचत कित्येक घरांत वर्षभराच्या पॉइंटपेक्षा जास्त भरते.

दुसरी मोठी बचत दिसते ती कित्येक वर्षांनी. तुम्ही घरासाठी कर्ज घ्यायला जाता तेव्हा बँक तुमची परतफेडीची नोंद पाहते. अमेरिकेतल्या फिको गुणांकात (कर्जदाराची पत मोजणारा आकडा) वेळेवर परतफेडीला ३५ टक्के वजन असतं आणि किती कर्ज वापरलंय याला ३० टक्के. इतर देशांतले गुणांक वेगळे असले तरी या दोन गोष्टींना महत्त्व सगळीकडे असतं. समजा चांगल्या नोंदीमुळे ३०,००,००० च्या वीस वर्षांच्या कर्जाचा दर ९ ऐवजी ८.५ टक्के मिळाला. वीस वर्षांत सुमारे २,३०,००० वाचतात. कॅशबॅकने एवढे जमायला आयुष्य जाईल. लिमिटच्या तुलनेत वापर कमी दिसावा असं वाटत असेल, आणि लिमिट लहान असेल, तर स्टेटमेंट निघायच्या आधीच थोडी रक्कम भरून टाका. आणि एक गैरसमज दूर करतो: गुणांक चांगला राहावा म्हणून बाकी ठेवण्याची काहीही गरज नाही. पूर्ण भरणाऱ्याचीही नोंद तितकीच चांगली होते.

आता तुमची दोन कार्डं. दुसऱ्या, बाकी असलेल्या कार्डावर आजपासून काहीही खरेदी करू नका. त्यावर लावलेल्या सदस्यता आणि आपोआप जाणारी बिलं आजच हलवा, नाहीतर ती बाकी कधीच शून्य होणार नाही. ती बाकी फिटेपर्यंत रोजचा खर्च डेबिट कार्डाने किंवा थेट खात्यातून करा. पहिल्या कार्डावरही पूर्ण भरता येईल त्यापेक्षा जास्त नको. बचत खात्यात पडून असलेले पैसे असतील तर संकटकाळासाठी थोडे ठेवून बाकीचे या कर्जात टाका. ४ टक्के मिळवत बसून ३६ टक्के भरण्याला अर्थ नाही. तेवढे पैसे नसतील तर कमी व्याजाचं वैयक्तिक कर्ज किंवा बॅलन्स ट्रान्सफर (बाकी सवलतीच्या दराच्या दुसऱ्या कार्डावर हलवणं) याचा भाव काढा. बॅलन्स ट्रान्सफरमध्ये सवलतीचा दर किती महिने, नंतर किती, आणि ट्रान्सफर फी किती हे तीन आकडे लिहून घ्या. आणि ज्या कार्डावर ट्रान्सफर कराल ते नव्या खरेदीसाठी वापरू नका, कारण बऱ्याच ठिकाणी ट्रान्सफरची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही.

उद्या दोन्ही कार्डांवर बाकी आली तर दोन्हींवर मिनिमम भरून उरलेलं सगळं जास्त व्याजाच्या कार्डावर भरा. हे सरळ वाटतं, पण लोक तसं करत नाहीत. ब्रिटनमधल्या कार्डधारकांच्या खऱ्या नोंदींवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की लोक दर न बघता, ज्या कार्डावर जितकी बाकी त्या प्रमाणात पैसे वाटून भरतात. त्यामुळे महाग कर्ज जास्त काळ राहतं आणि व्याज जास्त जातं.

बाकी शून्य झाल्यावर कोणतं कार्ड ठेवायचं? मी नेहमी आधी फीचा हिशोब पाहून निर्णय घेतो. फीच्या कार्डाचा वरचा हिशोब तुमच्या गेल्या बारा महिन्यांच्या स्टेटमेंटवर करून पाहा. फी वसूल होत नसेल तर बँकेकडे त्याच कार्डाचा बिनफीचा प्रकार मागा. मिळाला तर जुनं खातं चालू राहतं आणि वर्षानुवर्षांची नोंद टिकते. नाही मिळाला तर बंद करा, आणि दुसरं, बिनफीचं कार्ड एखाद्या छोट्या ठरावीक बिलासाठी ठेवून त्याला एकूण रकमेचं ऑटो-डेबिट लावा.

बंद करताना घाई करू नका. आधी पॉइंट वापरून टाका, कारण बंद झाल्यावर ते सहसा जातात. पूर्ण रक्कम भरल्यानंतरही पुढच्या स्टेटमेंटची वाट पाहा. बाकी असलेल्या कार्डावर स्टेटमेंटच्या तारखेपासून तुम्ही पैसे भरले त्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं. लोक त्याला चूक समजून दुर्लक्ष करतात आणि त्या किरकोळ रकमेवर लेट फी चढते. ते बिल शून्य आल्याचं पाहूनच बंद करण्याची लेखी विनंती करा, बँकेकडून खातं बंद झाल्याचं आणि काही देणं नसल्याचं पत्र घ्या, आणि दोनेक महिन्यांनी तुमचा क्रेडिट रिपोर्ट काढून त्यात ते खातं ‘बंद’ असंच दिसतंय ना, हे तपासा.